मत गुप्त, मतदार उघडा

निवडणूक जाहीर झाली की काही दिवसांतच घरोघर चिठ्ठ्या येऊ लागतात. एक सरकारी असते, बाकीच्या पक्षांच्या. चिठ्ठीवर आपले नाव, यादीचा भाग क्रमांक, त्यातील अनुक्रमांक आणि मतदान केंद्राचा पत्ता नीट लिहिलेला असतो. घरात चार मतदार असले तर चारही चिठ्ठ्या एकत्र टाचलेल्या असतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या थोरल्या लेकीची चिठ्ठी त्यांतच सापडते, आणि कधी कधी दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचीही. आपण त्यावर थोडे हसतो, थोडे हळहळतो आणि चिठ्ठ्या विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवतो. चिठ्ठी आणून देणाऱ्या त्या पोरसवदा कार्यकर्त्याला आपल्या घरात कोण कोण आहे, कोणाचे वय किती, हे कोणी सांगितले, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

मतदान गुप्त असते हे आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातच शिकलो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ सांगते, की कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. त्याच कायद्याच्या कलम १२८ नुसार, निवडणुकीच्या कामावरील अधिकाऱ्याने, कारकुनाने किंवा उमेदवाराच्या प्रतिनिधीने मतदानाची गुप्तता मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने याही पलीकडे पाऊल टाकले. त्यापूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल तर मतदाराला तसे केंद्रावरील अधिकाऱ्याला सांगावे लागे, आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे तशी नोंद होई. म्हणजे मत न देणारा माणूस सर्वांसमक्ष उघडा पडे. न्यायालयाने ठरविले की नकारालाही गुप्ततेचे तेवढेच संरक्षण हवे. मतदान यंत्रावरचे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे शेवटचे बटण त्यातून आले.

इतकी काळजी मताची. मतदाराची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९६० चे मतदार नोंदणी नियम यांनुसार मतदार यादी ही सार्वजनिक वस्तू आहे. ती प्रसिद्ध करावीच लागते. कोणीही ती पाहू शकतो, ठराविक शुल्क भरून तिची प्रमाणित प्रत मागू शकतो. मान्यताप्राप्त राजकीय पक्षांना तर ती विनामूल्य मिळते. यादीत काय असते? मतदाराचे नाव, वडील, आई किंवा पती यांपैकी एकाचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग, आणि ओळखपत्राचा क्रमांक. महाराष्ट्रातील याद्यांत आडनाव आधी छापतात. या एका साध्या सवयीचे परिणाम पुढे येतीलच. जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक या गोष्टी अर्जात असल्या तरी यादीत छापल्या जात नाहीत. संकेतस्थळावर टाकलेल्या यादीत छायाचित्रही नसते.

ही यादी सर्वांपुढे उघडी का ठेवायची, हे समजल्याशिवाय ती कितपत झाकावी यावर बोलण्यात अर्थ नाही. कारण साधे आहे. आपले नाव यादीत नसेल तर मताचा हक्क कागदावरच राहतो. आणि नाव गळले हे कळायला यादी डोळ्यांखालून जावी लागते. तद्वतच, खोटी नावे घुसली तर ती ओळखणारा माणूस कचेरीत बसलेला नसतो, तो शेजारच्या घरात असतो. या खोलीत कोणी राहतच नाही, हे मामलेदारापेक्षा समोरच्या बिऱ्हाडातल्या आजीबाईंना अधिक ठाऊक. म्हणूनच आधी प्रारूप यादी लावतात, दावे व हरकती मागवितात, आणि मग अंतिम यादी निघते. नाव घालण्यासाठी नमुना ६, दुसऱ्याच्या नावाला हरकत घेण्यासाठी नमुना ७. हरकत निनावी घेता येत नाही, आणि आलेल्या दाव्या-हरकतींच्या याद्याही बाहेर लावाव्या लागतात. खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. थोडक्यात, यादी शुद्ध ठेवण्याचे काम कायद्याने गावावर सोपविले आहे. आणि गावावर सोपवायचे तर गावाला दाखवावेही लागणार.

नाव सांगण्याचा हा व्यवहार आपल्या देशात सुरुवातीपासून सोपा नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक प्रौढांची नावे लिहायची होती. नोंदणी करणारे दारोदार फिरले तेव्हा उत्तरेतील अनेक प्रांतांत स्त्रियांनी परक्या पुरुषाला आपले नाव सांगायचे साफ नाकारले. मग ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशाच नोंदी झाल्या. आपल्याकडे बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यातच. तिकडे तर स्वतःचेही नाव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नव्हते! पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असा आग्रह धरला. नाव द्या, नाही तर यादीतून गळा. मुदतवाढही देण्यात आली. तरीसुद्धा सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे शेवटी गाळावी लागली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांतील ही नावे बहुसंख्येने होती.

या घटनेचा उल्लेख होतो तो सहसा स्त्रियांच्या मागासलेपणाचे उदाहरण म्हणून. मला त्यात दुसरेही काही दिसते. आपले नाव कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न त्या स्त्रियांनी विचारला होता. त्याला उत्तर मात्र एकच होते, सर्वांच्या हाती, किंवा मग मत नाही. सेन यांचा आग्रह योग्यच होता, कारण ‘रामूची आई’ या नावावर कोणीही येऊन मत टाकून गेले असते. परंतु ‘सर्वांच्या हाती किंवा मुळीच नाही’ ही मांडणी मात्र पुढे तशीच राहिली.

यादी उघडी ठेवण्याचा दुसरा धोका घटनाकारांच्या नजरेसमोर ताजा होता. ब्रिटिश अमदानीत १९०९ पासून धर्मवार मतदारसंघ होते, आणि त्यांच्या याद्याही वेगळ्या असत. राज्यघटनेच्या कलम ३२५ ने ती पद्धत मोडून काढली. प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी. धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणालाही तीतून वगळायचे नाही. म्हणून आजच्या यादीत धर्माचा रकाना नाही, जातीचा नाही. पण रकाना नसला म्हणून काय झाले? आडनाव आहे. आपल्या मुलखात आडनाव ऐकले की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. नाव, आडनाव आणि वस्ती एवढे हाती आले की धर्माचा रकाना मनातल्या मनात भरून निघतो.

तो नुसता मनात भरला जात नाही, याचे पुरावे आहेत. दिल्लीत १९८४ साली शिखांची जी हत्याकांडे झाली त्यांविषयीच्या साक्षीदारांच्या जबान्यांत, मतदार याद्या हाती घेऊन घरे हुडकून काढल्याचे उल्लेख वारंवार येतात. आपल्या मुंबईची गोष्ट तर आणखी जवळची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींची चौकशी न्या. श्रीकृष्ण आयोगाने केली. १९९८ साली सादर झालेल्या त्या अहवालात हल्लेखोरांच्या हाती दुकानांच्या याद्या आणि मतदार याद्या होत्या, असे नमूद आहे. मताचा हक्क देण्यासाठी लिहिलेले पान माणूस शोधून मारण्यासाठी वापरले गेले. त्या काळी यादी छापील होती, जाडजूड होती, तिची पाने उलटावी लागत. तरी हे झाले.

आता ते जाडजूड बाडही उरले नाही. चावडीच्या भिंतीवर डकविलेली यादी उघडी होती खरी, पण तिच्या उघडेपणाला आपोआप एक मर्यादा होती. ती पाहायला त्या गावी जावे लागे. पाहणाऱ्याला इतर चार जण पाहत. हजार नावे लिहून घ्यायला दिवस मोडे. संगणकाने या तिन्ही अडचणी दूर केल्या. कोल्हापुरातल्या वाडीची यादी अमेरिकेत बसून उतरविता येते, कोणी उतरविली ते कोणाला कळत नाही, आणि एकदा मजकूर यंत्राला वाचता आला की लाखो नावांतून आडनावनिहाय, वयनिहाय, गल्लीनिहाय याद्या काही मिनिटांत निघतात. त्याला इतरत्र मिळवलेले भ्रमणध्वनी क्रमांक जोडले की झाले. निवडणुकीच्या हंगामात उमेदवारांसाठी अशी तयार साधने विकली जातात, आणि आडनावनिहाय यादी हा त्या विक्रीतला आवडता माल असतो. पन्नाप्रमुख हा शब्द आता मराठी झाला आहे. यादीच्या एका पानामागे एक कार्यकर्ता, त्या पानावरील तीस-चाळीस माणसांचा कल टिपून ठेवणारा. कायद्याने जे पान दिले त्यात कल नव्हता. तो शेजारून भरला जातो.

या बदलाची दखल निवडणूक आयोगाने घेतली नाही असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये आयोगाने आदेश काढला की संकेतस्थळावर यादी छायाचित्राच्या रूपातच टाकावी, शब्द टाकून शोधता येईल अशा रूपात नव्हे. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसचे नेते कमल नाथ सर्वोच्च न्यायालयात गेले. यादीत दुबार नावे आहेत, ती शोधण्यासाठी आम्हांला यंत्राला वाचता येणारी यादी द्या, ही त्यांची मागणी. मतदारांच्या खासगीपणाला त्यामुळे धोका पोचेल, हे आयोगाचे म्हणणे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा पुट्टस्वामी निकाल वर्षभरापूर्वीच, ऑगस्ट २०१७ मध्ये लागला होता. त्यामुळे या युक्तिवादाला वजन होते. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. यादी कोणत्या स्वरूपात द्यायची हे आयोगाने ठरवावे. याचिकाकर्त्याला हवे असल्यास त्याने स्वतः मजकूर रूपांतरित करून घ्यावा, असा त्या निकालाचा आशय आहे.

या शेवटच्या वाक्यातच सगळे आले. ज्याच्यापाशी पैसा आणि यंत्रणा आहे तो छायाचित्राचे रूपांतर करून घेतोच. जोडाक्षरांत थोडी गफलत होते, एखाद्या क्षीरसागराचे भलतेच काही होते, पण आडनावांची चाळणी लावायला तेवढे पुरते. अडतो कोण? गावातला शिक्षक, वार्ताहर, एखादी छोटी संस्था, किंवा आपल्यासारखे विद्यार्थी, ज्यांना एका प्रभागातील दुबार नावे मोजायची आहेत. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे त्याच्यापासून काही लपत नाही, आणि ज्याने तपासावे त्याला तपासता येत नाही. खासगीपणाच्या नावाने केलेली ही व्यवस्था मला तरी उफराटी वाटते.

तिचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर विधानसभा निवडणुकीपर्यंत याद्यांत मोठी वाढ झाली, म्हणून विरोधी पक्षांनी प्रश्न विचारले. आयोगाने आरोप फेटाळले. कोण बरोबर हा वाद येथे करायचा नाही. पण हा वाद ज्या एका साधनाने मिटला असता, ते म्हणजे दोन्ही याद्या शेजारी ठेवून यंत्राने केलेली तुलना, तेच सामान्य नागरिकापाशी नव्हते. २०२५ मध्ये बिहारात याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतील सुमारे ६५ लाख नावे नव्हती. गळलेल्या नावांची वेगळी यादी प्रसिद्ध करण्याचे बंधन नियमांत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. १४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की ही नावे गळण्याच्या कारणांसह प्रसिद्ध करा आणि ओळखपत्राच्या क्रमांकावरून ती शोधता येतील अशी सोय करा. या आदेशाकडे आपण बारकाईने पाहावे. ज्याच्यापाशी क्रमांक आहे, म्हणजे ज्याचा त्या नावाशी काही संबंध आहे, त्याला लगेच सापडावे; आडनाव टाकून कोणालाही चाळता यावे असे नव्हे. उघडेपणाचे माप असे बेतता येते, हे त्यातून दिसते.

येथे मताच्या गुप्ततेकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण उघडी यादी तिलाही हळूच पोखरते. यादीचा एक भाग साधारणपणे एका मतदान केंद्राचा, म्हणजे हजार-बाराशे माणसांचा असतो. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निरनिराळ्या केंद्रांवरच्या पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती, आणि गरजेनुसार ती वापरली जाई. यंत्रे आल्यावर मोजणी यंत्रागणिक, म्हणजे केंद्रागणिक होऊ लागली आणि केंद्रवार आकडे प्रसिद्ध होऊ लागले. एका हातात केंद्राचा निकाल, दुसऱ्या हातात त्याच केंद्राची नावनिशीवार यादी! अमक्या वाडीने आपल्याला मते दिली नाहीत, हे निवडून आलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत कळते. एकेकट्याचे मत गुप्त राहिले तरी वस्तीचे मत गुप्त राहत नाही. आणि आपल्याकडे वस्ती म्हणजे बहुधा एक जात. मग पाण्याचा टँकर, रस्त्याचे डांबर, समाजमंदिराचा निधी यांचा हिशेब त्या आकड्यांवरून होतो, अशी कुजबुज प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. अनेक यंत्रांची मते एकत्र करून फक्त बेरीज दाखविणारे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये केंद्राला पाठविला. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. सरकारने तो स्वीकारला नाही.

हे झाले वस्तीविषयी. काही माणसे अशी आहेत की ज्यांना स्वतःचा पत्ताच घातक ठरतो.

समजा, एक स्त्री मारहाणीला कंटाळून नवऱ्याचे घर सोडते आणि दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहते. तिने तेथे नाव नोंदविले, की तिचे नाव, वय आणि घर क्रमांक त्या शहराच्या यादीत आले. यादीत पतीऐवजी वडिलांचे वा आईचे नाव देण्याची मुभा तिला आहे. पण नवऱ्याला तिचे नाव, वय, वडिलांचे नाव सगळेच ठाऊक असते. आयोगाच्या संकेतस्थळावर माहिती भरून मतदार शोधण्याची सोय आहे. त्यातून केंद्र आणि भाग क्रमांक मिळतो, आणि त्या भागाची यादी उतरविली की घर क्रमांक. यातले काहीही बेकायदेशीर नाही. आपल्या कायद्यात तिला पत्ता झाकून मतदार होण्याची वाट नाही. तिने मत सोडावे किंवा सुरक्षितता सोडावी. १९५१ मधील त्या स्त्रियांपुढे ठेवलेला पर्याय वेगळ्या वेषात पुन्हा येथे उभा आहे.

इतरत्र यावर उपाय काढले गेले आहेत. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्था मतदारांची नोंदवही व्यापाऱ्यांना विकत असत. एका मतदाराने त्याविरुद्ध दाद मागितली आणि २००१ मध्ये तेथील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून तेथे दोन नोंदवह्या झाल्या: एक पूर्ण, निवडणुकीच्या आणि कायद्याने नेमून दिलेल्या कामांसाठी, दुसरी खुली, जिच्यातून आपले नाव काढून घेता येते. शिवाय २००६ च्या कायद्याने निनावी नोंदणी आली. जिवाला धोका असल्याचे दाखविले की नोंदवहीत नाव व पत्त्याऐवजी नुसता क्रमांक येतो. २०१८ मध्ये नियम सैल करून स्त्रियांच्या आधारगृहाच्या व्यवस्थापकांचा दाखलाही पुरेसा मानला जाऊ लागला. ऑस्ट्रेलियात धोक्यात असलेल्या मतदाराचा पत्ता यादीत छापत नाहीत, आणि यादी पाहायची तर निवडणूक कचेरीत जाऊन पाहावी लागते. लोकशाही दोन्हीकडे चालूच आहे.

आपल्याकडे अशी जाणीव मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. बेघर माणसाने नोंदणी मागितली तर त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरोखर तेथे झोपतो का हे पाहायचे, अशी सूचना आहे. वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या प्रश्नावर बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१-२२ मध्ये आदेश दिले. त्यांना शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र आणि आधार द्यावे, ते देताना त्यांची ओळख गुप्त राखावी, आणि आधारच्या नोंदणी क्रमांकात त्या या व्यवसायातील आहेत असे सुचविणारे कोणतेही चिन्ह नसावे. कामाठीपुऱ्यातील किंवा बुधवार पेठेतील बाईला नागरिक म्हणून नाव मिळावे, पण नावाबरोबर शिक्का मिळू नये, हा त्याचा अर्थ. एका गटासाठी न्यायालयाला जे सुचले ते मार खाऊन घराबाहेर पडलेल्या स्त्रीसाठी नियमांत यायला अडचण ती कोणती?

कोणी म्हणेल, आता माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे ना? झाला आहे, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. पण त्याच्या कलम ३ मध्येच सांगितले आहे, की एखाद्या कायद्याने प्रसिद्ध करणे बंधनकारक असल्यामुळे जी माहिती सार्वजनिक झाली, तिला हा कायदा लागू नाही. मतदार यादी नेमकी याच वर्णनात बसते. त्यामुळे दुकानदाराने आपला क्रमांक दुसऱ्याला विकला तर तक्रारीला निदान जागा आहे; पण आपले नाव, वय, घर क्रमांक यादीतून उचलून कोणी त्याचे दुकान मांडले तर या कायद्याचे दार बंद आहे. सर्वांत मोठी, सर्वांत ताजी आणि सरकारनेच तपासून दिलेली यादी कुंपणाबाहेर राहिली.

हा विषय आपल्या मासिकात मांडण्याचे आणखी एक कारण आहे. आता मतदार होण्यासाठी १ जानेवारीचीच वाट पाहावी लागत नाही. वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. वसतिगृहात राहणाऱ्यांना गावी किंवा येथे, दोहोंपैकी एका ठिकाणी नोंदणी करता येते. मुलींच्या वसतिगृहात शंभर जणींनी येथे नाव नोंदविले, तर एकाच पत्त्यावर अठरा ते बावीस वयाच्या शंभर मुलींची नावे एकाखाली एक अशी छापली जाणार, आणि ते पान कोणालाही उतरविता येणार. याचा अर्थ नोंदणी करू नये असा मुळीच नाही. नाव नोंदवावेच. पण अर्जात जे देणे बंधनकारक आहे आणि जे ऐच्छिक आहे, त्यातला फरक पाहून द्यावे. आधारचेच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये मतदार याद्यांसाठी आधार गोळा करण्याचा नमुना ६-ख आला. तो ऐच्छिक असल्याचे सांगितले गेले, पण त्यात पर्याय दोनच होते: आधार क्रमांक द्या, किंवा आपल्याकडे आधार नाही असे लिहा. ‘आहे, पण द्यायचे नाही’ याला रकानाच नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाला सर्वोच्च न्यायालयात सांगावे लागले की क्रमांक देणे बंधनकारक नाही आणि नमुन्यांत त्यानुसार स्पष्टीकरण केले जाईल.

यादी उघडी असावी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. झाकलेल्या यादीतून नावे गळतात आणि गळल्याचा आवाजही होत नाही. पण उघडी कोणासाठी आणि किती, हे ठरविता येते. भागातील मतदाराला आपल्या भागाची पूर्ण यादी, घर क्रमांकासकट. तपासू इच्छिणाऱ्या कोणालाही यंत्राला वाचता येणारी यादी, पण घर क्रमांकाविना, आणि कोणी घेतली याची नोंद ठेवून. धोक्यात असलेल्यांसाठी पत्ता झाकण्याची सोय. आणि यादीचा व्यापार करणाऱ्याला शिक्षा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. शिक्षेपुरता कायदा बदलावा लागेल. बाकीचे बहुतेक सारे १९६० च्या नियमांत बसण्यासारखे आहे. हे नियम १९५० च्या कायद्याच्या कलम २८ खाली केंद्र सरकार निवडणूक आयोगाशी विचारविनिमय करून करते. जून २०२२ मध्ये आधारचा तो नमुना नियमांत घातला गेला, तो याच वाटेने.